गाळायचे शब्द

चिकलठाण्याच्या पुढं जालना रोडला लागून एक नवी इमारत उभी राहिली होती. खाली टाइल्सचं दुकान आणि दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. कंपनी म्हणजे वीसेक माणसं, तेवढेच कम्प्युटर आणि एक कूलर. कूलरमध्ये पाणी घालायला बंदी होती, त्यामुळं तो नुसताच गरम वारा फेकायचा. कम्प्युटरचा डिप्लोमा करून मी तिथं लागले, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत पेढे वाटले होते. आबा त्याच भागातल्या एका कारखान्यात वॉचमन होते. आमचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. आबांनी तरुणपणीच कळप थोरल्या भावाच्या हवाली केला आणि शहर धरलं. खुर्चीवर बसून काम करणारी घरातली पहिली मीच.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं. आमच्या कॉलनीत आठ दिवसांनी नळ यायचा, तोही तासभर. तरी शहर वाढायचं थांबलं नव्हतं. कंपनीच्या खिडकीतून आधी ज्वारीचं रान दिसायचं. मग तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, आणि बघता बघता दोन बिल्डिंगींचे खांब वर आले.

आमच्याकडं काम आलं तेही पाण्याचंच. गावागावांतून टँकरच्या मागणीचे अर्ज येत. ते हातानं लिहिलेले, कुठं वहीच्या पानावर, कुठं पंचायतीच्या लेटरहेडवर. त्या अर्जांचे फोटो आमच्याकडं यायचे, टायपिंगवाल्या मुली ते टाइप करायच्या आणि मग एक सॉफ्टवेअर तो मजकूर वाचायचं. गाव कोणतं, माणसं किती, जनावरं किती, विहीर कधी आटली, एवढं त्यातून उचलून त्याचा तक्ता करायचं. तो तक्ता वर जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसात जायचा आणि त्यावरून कुठल्या गावाला टँकर लावायचा ते ठरायचं.

सॉफ्टवेअर बाहेरून विकत घेतलेलं होतं. त्याच्या आतलं आम्हाला काही बदलता येत नव्हतं. त्याला जे काही सांगायचं ते तीन फायलींतून सांगायचं, आणि त्या फायली एक्सएमएलमध्ये लिहायच्या. पहिल्या फाइलीत शब्दांच्या याद्या, दुसरीत नियम, तिसरीत कोणता नियम आधी आणि कोणता नंतर ते. या तिन्ही फायली माझ्याकडं दिल्या. एक्सएमएल तसं अवघड नाही. प्रत्येक गोष्टीला दोन खुणा, एक सुरू केल्याची आणि एक संपवल्याची, आणि अर्थ असेल तो त्या दोन खुणांच्या मध्ये. पण एक खूण बंद करायची राहिली की सगळं अडतं. सॉफ्टवेअर इंग्रजीत चूक सांगतं, ती फाइलीच्या शेवटच्या ओळीत आहे म्हणून सांगतं, आणि खरी चूक असते कुठंतरी दोनशे ओळी वर.

पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. मला त्यातून बाहेर काढलं ते माझ्या शेजारी बसणाऱ्या चाचांनी. ते साठीचे होते. शहागंजातल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म खिळे जुळवले होते, मराठी, उर्दू आणि हिंदी, तिन्ही. छापखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी उतारवयात टायपिंग शिकून घेतलं. मुलींनी टाइप केलेले अर्ज मूळ अक्षराशी ताडून बघायचं काम त्यांच्याकडं होतं. एक्सएमएलचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण एकदा मी डोकं धरून बसलेले बघून त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्या स्क्रीनवरून वरून खाली बोट फिरवलं.

“बेटा, ये सतरावी लाइन देखो. ये खुला है. बंद किदर किए?”

खरंच बंद केलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं चाचा?”

“अब मेरेकू क्या मालूम वो क्या बोलता. लेकिन जोडी से आ रहे थे सब. ये एक अकेला रह गया.”

तेव्हापासून फाइल चालवायच्या आधी मी ती चाचांना दाखवायची. ते ओळीओळीवर बोट ठेवत जायचे आणि एकटी राहिलेली खूण शोधून काढायचे.

त्यानंतरचे दोन-तीन महिने बरे गेले. कामात जीव रमला. अर्जांची भाषा आमच्या घरातलीच होती. कुणी विहिरीला ‘हिर’ लिहायचं, कुणी ‘ईहीर’. पाण्याचं ‘पानी’ तर होतंच. ‘हापसा बंद हाय’, ‘बोरला पानी लागंना’, ‘जनावरायचे लई हाल’. सॉफ्टवेअरला यातलं काही कळायचं नाही. मी शब्दांच्या फाइलीत एकेका शब्दाखाली त्याची सगळी रूपं लिहीत गेले. पुण्याहून आलेला एक मुलगा माझ्याआधी हे काम करत होता, त्याला ‘ढोरं’ म्हणजे काय ते विचारावं लागायचं. मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. घरी गेल्यावर मी आबांना सांगायची, आज ‘करडं’ घातलं, आज ‘कालवड’ घातली. त्यांना वाटायचं मी चेष्टा करते.

अडचण आली ती गावांच्या नावांची. ऑफिसानं आम्हाला गावांची यादी दिली होती आणि प्रत्येक गावाला एक कोड. अर्जातलं नाव त्या यादीतल्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि लोक लिहायचे कसं, तर अमुक गाव पैकी खालची वस्ती, तमुक गावचा तांडा, ढमुक गावची वाडी. यादीत नुसतं गाव होतं. सॉफ्टवेअरला हे लांबलचक नाव जुळवता येईना, आणि निम्मे अर्ज ‘जुळले नाही’ म्हणून बाजूला पडायला लागले. आमचे सर चिंतेत होते. वरून रोज फोन यायचे.

तोड मी काढली. पहिल्या फाइलीत एक नवी यादी केली आणि तिला नाव दिलं ‘गाळायचे शब्द’. त्यात टाकलं पैकी, वस्ती, वाडी, तांडा, माळ, मळा, पाडा, वरचा, खालचा. नावात हे शब्द सुटे आले की ते गाळून टाकायचे आणि जे उरेल ते यादीशी जुळवायचं. अर्ध्या तासाचं काम. फाइल चालवली, आणि ‘जुळले नाही’ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे अर्ज उरले. सरांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. म्हणाले, डोक्याचं काम याला म्हणतात.

समोसा खाता खाता चाचांनी विचारलं, “ये वस्ती निकाल दी तुमने. वस्ती के लोगां किदर गए?”

“गावातच मोजतात की त्यांना, चाचा. वस्ती काय गावापासून वेगळी असते?”

“हौ,” ते म्हणाले. “तुम गाव की है. तुमकू मालूम.”

त्याच आठवड्यात आणखी एक नियम मी लिहिला. एकाच गावातून दोन-दोन, तीन-तीन अर्ज यायचे. सरपंचाचा एक, ग्रामसेवकाचा एक, पक्षाच्या कार्यकर्त्याचा तिसरा. वर तक्त्यात एक गाव तीनदा दिसायचं. तेव्हा नियम असा केला की, एका महिन्यात एका गावाचा पहिला अर्ज ठेवायचा आणि बाकीचे ‘दुबार’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. हाही नियम बरोबर चालला. दोन्ही नियम एकेकटे बरोबरच होते. ते एकामागं एक चालले म्हणजे काय होतं, याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. सरांनी तिन्ही फायली वर पाठवल्या, त्यावर मंजुरीची सही झाली आणि उन्हाळाभर त्याच फायली चालल्या.

एप्रिलमध्ये आबांच्या थोरल्या भावाचं वर्षश्राद्ध आलं. आबांना ड्यूटी सुटली नाही, म्हणून मी एकटीच गेले. पैठणच्या रस्त्यानं एसटीनं फाट्यापर्यंत जायचं, तिथून गाव, आणि गावाच्या वर तासभर चालत गेलं की माळावर आमची वस्ती. तीस-पस्तीस घरं, सगळी आमच्याच भावकीची. लहानपणी दर सुट्टीत मी तिथं असायची. लोक वरचा माळच म्हणायचे.

गावातून जाताना विहिरीवर टँकर उभा होता. पाइप विहिरीत सोडला होता आणि भोवती बायकांची झुंबड. वर वस्तीवर पोचले तर मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, दारात बसून परातीत भांडी राखेनं घासत होती. घासून झालं की ओल्या फडक्यानं पुसायची. पाण्यानं धुवायचं बंदच केलं होतं.

“टँकर खाली आलाय की,” मी म्हणाले.

“गावाला येतो. आमाला कुठं?”

“म्हणजे? तुम्ही तिथून नाही आणत?”

“आनतो की. गावच्या बाया भरून झाल्या की मंग गढूळ ऱ्हातं त्ये आनतो. बोललं तर म्हनत्यात, टँकर गावाच्या नावावर हाय, तुमी तुमचा मागवा.” तिनं परात बाजूला सारली. “मागवला की. कागद दिला. एकदा नाय, तीनदा दिला. मास्तरकडून लिहून घेतला, समद्यायनं अंगठे लावले. तुझा दादा सोता पैठनला देऊन आला.”

दादा म्हणजे तिचा मुलगा. तो मागं मेंढरांच्या वाड्यात होता. अर्धी मेंढरं त्यानं त्याच आठवड्यात बाजारात नेली होती. उरलेल्यांच्या पाठीची हाडं वरून मोजता येत होती. तो मला म्हणाला, “तू कम्प्युटरवर असतीस नं? आमचा कागद कुठं अडकला तेवढं बघ.”

मी म्हणाले, “बघते.”

श्राद्धाच्या जेवणाला वस्तीतलीच माणसं होती. हात धुवायला एक तांब्या सगळ्यांत फिरवला. कुणी कुरकुर केली नाही. मोठी मायनं मला निघताना तांब्याभर पाणी प्यायला दिलं, आणि मी नको म्हणाले तर रागावली. प्यायले.

सोमवारी कंपनीत गेल्या गेल्या मी ‘वरचा माळ’ हे शब्द सगळ्या फोल्डरांत शोधायला लावले. तीन अर्ज सापडले. तिन्ही ‘दुबार’ मध्ये होते.

मला कळायला मिनिटही लागलं नाही. अर्जात लिहिलं होतं, अमुक गाव पैकी वरचा माळ वस्ती. माझ्या यादीनं ‘पैकी’ गाळलं, ‘वरचा’ गाळलं, ‘माळ’ गाळलं, ‘वस्ती’ गाळली. उरलं गाव. त्या गावाचा अर्ज त्या महिन्यात आधीच आलेला होता. म्हणून वस्तीचा अर्ज दुबार ठरला. पुढच्या महिन्यात तेच, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तेच.

मी तो अर्ज उघडला. फाइल माझ्याकडं असून तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. मास्तरांनी लिहिलेला असला तरी बोलणं वस्तीचं होतं. गावातला टँकर आमच्यापर्यंत येत नाही. बाया दिवसातून तीन खेपा करतात. एक बाई घागर घेऊन पडली, तिचा हात मोडला आहे. मेंढरं किती, गाभण किती, हे वेगळं लिहिलं होतं. खाली अंगठ्यांच्या ठशांसाठी टायपिंगवालीनं प्रत्येक वेळी नुसतं ‘अंगठा’ असं टाइप केलं होतं. अंगठा, अंगठा, अंगठा, पान संपेपर्यंत.

मग मी ‘दुबार’ फोल्डरात नुसता ‘वस्ती’ शब्द शोधला. मग ‘तांडा’, मग ‘वाडी’. स्क्रीनवर याद्या सरकत राहिल्या. चाचा मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी बराच वेळ वाचलं.

“ये सब दुबार नै है,” ते हळू आवाजात म्हणाले.

“नाही.”

“तुमने पूछी नै मेरेकू कुछ. मैं पूछा था.”

“तुम्ही विचारलं होतं, चाचा. मीच चुकीचं सांगितलं.”

ते आपल्या जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं परत आले, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “चलो. ठीक करते.”

दुपारपर्यंत आम्ही फायली दुरुस्त केल्या. पैकी, वस्ती, वाडी, तांडा, माळ, वरचा, सगळेच शब्द गाळायच्या यादीतून काढले. वस्तीच्या नावासाठी वेगळी जागा केली. दुबार ठरवताना नुसतं गाव बघायचं नाही, गाव आणि वस्ती दोन्ही जुळली तरच दुबार, असा नियम केला. चाचांनी एकेका खुणेवर बोट ठेवून फाइल तपासली. जुन्या अर्जांवर चालवून बघितली तर वरचा माळ वेगळा निघाला. गावाखाली त्याची स्वतःची ओळ आली. मला वाटलं, झालं.

आम्ही दोघं सरांकडं गेलो. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्यायले.

“या फायलींवर वरची सही झालीय,” ते म्हणाले. “आता बदल करायचा म्हणजे लेखी मागावं लागेल.”

“सर, लोकांना पाणी नाहीये.”

“कळतंय मला. माझं पण गाव आहे.” मग जरा विचार करून म्हणाले, “चालवा एकदा. बघू काय होतं.”

नवीन फायलींनी त्या आठवड्याचे अर्ज चालवले. वस्त्या दुबारमधून बाहेर आल्या, आणि बाहेर येऊन सरळ ‘त्रुटी’ मध्ये पडल्या. तक्त्यात प्रत्येक ओळीला कोड लागायचा. कोड गावाला होता, वस्तीला नव्हता. कोड नाही म्हणजे त्रुटी, हा नियम आमच्या फायलींत नव्हता. तो सॉफ्टवेअरच्या आतच बसवलेला होता, आणि तिथं आमचा हात पोचत नव्हता. आधी निदान त्या वस्त्या गावाच्या नावाखाली कुठंतरी दडून होत्या. आता त्या चूक म्हणून उघड्यावर आल्या.

दुसऱ्या दिवशी वरून फोन आला. त्रुटी एवढ्या कशा वाढल्या, काय गोंधळ चालवलाय. सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडचा माणूस ऐकत नव्हता, ते केबिनच्या काचेतून दिसत होतं. फोन ठेवून सर माझ्या टेबलाशी आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “कर बाई परत पहिल्यासारखं.”

मी जुनी फाइल परत आणली असती तरी चाललं असतं. पण का कुणास ठाऊक, मी ते शब्द एकेक करून पुन्हा टाइप केले. पैकी. वस्ती. वाडी. तांडा. सुरू केल्याची खूण, शब्द, संपवल्याची खूण. चाचांनी तपासायला मान वळवली नाही. फाइल चालली. कुठंही चूक नव्हती.

मग आम्ही दुसरा मार्ग धरला. दुबारमध्ये अडकलेल्या सगळ्या वस्त्यांची नावं काढून मी यादी छापली, आणि चाचा आणि मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती घेऊन ऑफिसात गेलो. तिथं एक कारकून होता, सभ्य होता. त्यानं यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली.

“हे सगळं खरं असेल,” तो म्हणाला. “पण कोड नसलेल्या ठिकाणाला मी टँकर दाखवू कुठं? कोडसाठी ग्रामसभेचा ठराव पाहिजे. मग तलाठ्याचा अहवाल, मग तहसील, मग इथं.”

“केवढा वेळ लागेल?”

“लागतो.”

चाचा म्हणाले, “साहेब, तब तक तो बारिश आ जाती.”

“आली तर बरंच आहे की चाचा,” तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्यानं यादी पेपरवेटखाली ठेवून घेतली.

आम्ही आणखी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला यादी पेपरवेटखालीच होती. तिसऱ्या खेपेला तो कारकून बदलून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या बाईंना यादीबद्दल काही माहिती नव्हती. मी दादाला फोन करून ठरावाचं सांगितलं. तो म्हणाला, ग्रामसभेत आमचं कोण ऐकणार? तरी त्यानं अर्ज दिला. सभा कोरमअभावी तहकूब झाली. पुढची तारीख पडेपर्यंत वस्तीतली अर्धी घरं बंद झाली होती.

मे संपायच्या आत मोठी माय, दादा आणि वहिनी शहरात आले. उरलेली मेंढरं विकली होती. आबांना कळायच्या आधीच ते चिकलठाण्याच्या एका बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहायला गेले होते. दादा आणि वहिनी बिगारी, आणि मोठी माय स्लॅबला पाणी मारायची. ताज्या स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी साठवतात, ते दिवसभर सुकू द्यायचं नाही. त्यासाठी तिथं रोज दोन टँकर येत. आमच्या कंपनीपासून ती जागा चालत वीस मिनिटांवर होती.

मी एका रविवारी सकाळी गेले. मोठी माय तिसऱ्या मजल्यावर होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला आणि हातात जाड काळा पाइप. मला बघून ती हसली आणि पाइप तसाच धरून माझ्याशी बोलत राहिली. तिच्या पायांशी वाफ्यात पाणी भरत होतं. ते ओसंडून कडेवरून खाली गळायला लागलं की ती पाइप पुढच्या वाफ्यात टाकायची. हे काम ती चांगलंच शिकली होती.

मी ठरवून गेले होते की आज सांगायचं.

“मोठी माय, तुमचा कागद सापडला होता.”

“कोनता?”

“टँकरचा. तो माझ्याकडंच आला होता. आमच्या कंपनीत.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “तुझ्याकडं आला व्हता?”

“हो.”

“मंग तू वाचला नाय व्हय?”

“मी नाही वाचत ते. मशीन वाचतं.”

“मशीन वाचतं. आन् तू काय करतीस?”

मी सांगायला लागले. मशीनला काय वाचायचं ते मी सांगते, त्याच्या फायली असतात, गावांच्या याद्या असतात, तुमच्या नावातला वस्ती हा शब्द मी… तिथं मला शब्द सुचेनात. ती वाट बघत होती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

“मी त्याला सांगितलं होतं की वस्ती वगळून वाच,” मी शेवटी म्हणाले. “मला वाटलं गावाचा टँकर म्हणजे तुमचा पण.”

“तू तर आली व्हतीस की माळावर. ल्हानपनापून येतीस. तुला ठावं नव्हतं आमी कुठं ऱ्हातो?”

खालून मुकादमानं हाक मारली, तिनं पाइप उचलला आणि दुसऱ्या वाफ्यात टाकला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “जा आता. ऊन हुतंय.” तिचा आवाज रागाचा नव्हता. नेहमी जशी बोलायची तशीच बोलली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तरी ते परत गेले नाहीत. मेंढरंच नव्हती, मग जाऊन करायचं काय? एक बिल्डिंग झाली की मुकादम त्यांना पुढच्या बिल्डिंगवर न्यायचा, दर खेपेला शहराच्या आणखी बाहेर. आबा मोठी मायला आमच्याकडं राहायला ये म्हणायचे. ती एकदा आली, चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन निघाली.

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर पुन्हा दिसेना. त्यांनी काम सोडलं. सोडायच्या दिवशी ते माझ्याकडं आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी दोनदा शहागंजात त्यांच्या घरी जाऊन आले. ते अंगणात बाजेवर बसलेले असायचे. वस्त्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

वरच्या माळाला कोड मिळाला. किती वर्षांनी ते मी मोजलं नाही. नव्या यादीत एक दिवस ते नाव दिसलं. तोवर तिथं दोन म्हाताऱ्यांचं एकच घर उरलं होतं, आणि ते दोघंही खालच्या गावात लेकीकडंच असत.

मोठी मायनं त्या रविवारचं बोलणं कधीतरी दादाला सांगितलं असणार. तो आधी सणावाराला आमच्याकडं यायचा, नंतर यायचा बंद झाला. माझा फोन उचलेना. त्याच्या मुलीचं लग्न आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर असलेल्या मंगल कार्यालयात झालं, आणि आम्हाला ते आदल्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आबा लग्नाच्या दिवशी चांगले कपडे घालून दुपारपर्यंत बसून होते. बोलावणं घेऊन कुणीतरी येईल असं त्यांना वाटत होतं.

आबांना कारण माहीत नाही. ते म्हणतात, शहरात आलं की माणसं अशीच होतात, भावकी विसरतात. दादाला ते दोष देतात, त्याच्या बायकोला देतात. मी समोर बसलेली असते. एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा मी तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडं बघून मिटलं. ते आता थकलेत. त्यांच्या लेखी घरात एक तरी माणूस शिकून चांगल्या कामाला लागलं, ती मी आहे.